कोरड्या डोळ्यांचा माग ओठापर्यंत

डोळे कोरडे पडण्याची कारणं मला पाठ झाली होती: कॉम्प्युटर, एसी आणि वय. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला तिन्ही लागू पडतात, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. ड्रॉप्स बदलत गेले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दुपारपर्यंत डोळ्यांत रेती गेल्यासारखी टोचणी. कांदा चिरताना मात्र डोळ्यांत टिपूस नसे. लासलगावचं माहेर असल्यामुळे घरात या गोष्टीचं कौतुकच व्हायचं.

नव्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी डोळ्यांआधी तोंडाची चौकशी केली. “भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का?” नाही येत, पहिल्या घासापासून पेला शेजारी लागतो. रात्री पाण्यासाठी उठता? उठते. दात? अलीकडे एकामागून एक किडताहेत. सकाळी बोटं आखडतात? हो, मूठ वळायला वेळ लागतो. मग चालू असलेल्या सगळ्या गोळ्या विचारल्या, कारण ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही डोळे-तोंड कोरडं पडतं. माझं तसलं काही चालू नव्हतं. दातांचं दातांच्या डॉक्टरांना, थकव्याचं फॅमिली डॉक्टरांना, असं मी ज्याचं त्याला सांगत आले होते. दुसरं कोण काय करतं?

शिर्मर चाचणी अगदी साधी. खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवायची, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि कागद किती भिजला ते मोजायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे अश्रू फारच कमी. माझा उजवा डोळा ३ वर थांबला, डावा ४ वर. हिरवा रंग घालून पाहिलं तर बुबुळाच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटले. डोळे कोरडे पडणाऱ्या बहुतेकांच्या पापण्यांतल्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात. माझ्या ठीक होत्या. तेव्हा बाईंनी ‘शोग्रेन’ हे नाव घेतलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळग्रंथींवर उलटते, असा हा आजार. रुग्णांत सुमारे दहात नऊ बायका. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. १९३३ साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

रक्त तपासलं. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह. पण ज्यावर सगळ्यांचा डोळा होता ती शोग्रेनमध्ये शोधली जाणारी अँटीबॉडी अँटी-रो, म्हणजे एसएसए, निगेटिव्ह. “सुटलीस गं!” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

संधिवाततज्ज्ञांनी मात्र कागदावर हिशोब मांडून दाखवला. २०१६ साली ठरलेल्या निकषांत निदानाच्या बाजूने किमान ४ गुण लागतात. एसएसएला ३, ओठाच्या बायॉप्सीला ३. शिर्मर, डोळ्यांवरचे डाग आणि लाळेचं मोजमाप यांना प्रत्येकी १. म्हणजे डोळ्यांचं आणि लाळेचं सगळं बिघडलेलं निघालं तरी बेरीज ३. रक्त किंवा ओठ, दोघांपैकी एकाची साक्ष हवीच. हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत, पण डॉक्टर त्यांचाच आधार घेतात. आणि बऱ्याच रुग्णांच्या रक्तात एसएसए सापडतच नाही.

ओठाची बायॉप्सी म्हटल्यावर मी रात्रभर जागी. प्रत्यक्षात बधिर करण्याची सुई तेवढी झोंबली. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला बारीक चीर देऊन दाण्यांएवढ्या काही लाळग्रंथी काढल्या, टाके घातले. तिथे बधिरपणा राहू शकतो, हे सही घेण्याआधीच सांगितलं होतं. माझा हळूहळू गेला. तिखट मात्र बरेच दिवस बंद, आणि नाशिकमध्ये मिसळीकडे नुसतं बघत बसणं ही काही लहान शिक्षा नाही. ग्रंथींत किमान ५० लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एकेक घोळका, असे घोळके पॅथॉलॉजिस्ट मोजतात. ४ चौरस मिलिमीटरमागे एक किंवा अधिक असला तर बायॉप्सी पॉझिटिव्ह. माझे दोन निघाले. ३ अधिक शिर्मरचा १.

सांध्यांसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध सुरू झालं. ते दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करू शकतं, म्हणून ओसीटी, म्हणजे त्या पडद्याचं स्कॅन, करून घेतलं. डोळ्यांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स आणि दाह कमी करणारं सायक्लोस्पोरिन, दातांसाठी जास्त फ्लोराइडची पेस्ट. कोरडेपणा गेलेला नाही, आटोक्यात आहे. कानांपुढे किंवा जबड्याखाली सूज आली आणि उतरली नाही तर लगेच यायचं, अशी ताकीद आहे, कारण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

जाऊबाईंचेही डोळे चुरचुरतात. माझं पाहून त्यांनी त्याच बाईंकडे बायॉप्सीच मागितली. तोंड ओलं, सांधे ठणठणीत, शिर्मरची पट्टी छान भिजलेली. तेलग्रंथी तेवढ्या तुंबलेल्या. रोज पापण्यांना गरम शेक घ्यायला सांगितलाय. बायॉप्सी नाकारल्याचा राग अजून आहे.