तुम्ही विचारलंत म्हणून : हाँगकाँगच्या जुगारी कॉमेड्या मी का बघते

हा प्रश्न मला सारखा येतो, की तुला कँटोनीज येत नाही, पैसे लावून पत्ते खेळत नाहीस, मग हाँगकाँगचे ते जुगाराचे कॉमेडी पिक्चर एवढे काय बघतेस, त्यात सगळे नुसती तोंडं वेडीवाकडी करत असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण विषय माझ्या फार जवळचा आहे.

तर ती वेडीवाकडी तोंडंच बघायची असतात. एरवी धडपडीच्या कॉमेडीत माणूस पळतो, घसरतो, जिन्यावरून गडगडत येतो. जुगाराच्या टेबलाशी त्याला बसून राहावं लागतं, समोर शत्रू, हातात पत्ते, हलायची सोय नाही, त्यामुळे सगळी धडपड भुवयांत आणि बोटांच्या टोकांत येऊन साठते. या पिक्चरांचा लाडका डाव म्हणजे पाच पत्त्यांचा शो हँड. चार पत्ते उघडे, एकच पालथा. नियम न येणाऱ्यालाही कळतं की सगळं त्या एका पत्त्यात अडकलंय, आणि मग तो पत्ता कोपऱ्यातून इतका हळू उचलतात, इतका हळू, की भाषा कळायची गरजच उरत नाही.

ही सगळी परंपरा माझ्या मते 1974 च्या 'गेम्स गॅम्बलर्स प्ले'पासून सुरू होते. मायकल हुई डायरेक्टर आणि हिरोसुद्धा, सोबत धाकटा भाऊ सॅम. दोन भामटे जेलमध्ये भेटतात आणि बाहेर येऊन माहजोंग (सोंगट्यांचा चिनी खेळ), टीव्हीवरचा क्विझ शो, कुत्र्यांची रेस, जिथे जमेल तिथे लबाडी करत सुटतात. त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी हाँगकाँगमध्ये कँटोनीज पिक्चर बनणं जवळपास बंद पडलं होतं, सगळं मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, म्हणजे लोक घरात आणि बाजारात बोलतात ती भाषा पडद्यावर नाहीच. ती भाषा परत आणण्यात या कॉमेडीचा मोठा वाटा आहे, आणि सॅमच्या गाण्यांचाही. म्हणून कोणी याला टाइमपास म्हटलं की मला वाईट वाटतं.

मग 1989 चा 'गॉड ऑफ गॅम्बलर्स', डायरेक्टर वाँग जिंग. चाव युन-फॅट म्हणजे जुगाराचा देव, केस मागे चापून बसवलेले, बोटात अंगठी, एंट्री स्लो मोशनमध्ये. त्याच्या डोक्याला मार लागतो, सगळं विसरतो आणि चॉकलेटसाठी हट्ट करणारं लहान मूल होऊन बसतो. पण तो ज्या सापळ्यात पडतो तो अँडी लाऊच्या पात्राने एका भारतीय शेजाऱ्यासाठी लावलेला असतो, आणि तो शेजारी नुसता हसायला ठेवलेला आहे, ते मला आजही खुपतं. आवडतो म्हणून हे सोडून द्यायचं असं मी करत नाही.

आणि 1990 चा 'ऑल फॉर द विनर', इथे मात्र मी थांबूच शकत नाही. स्टीफन चाव चीनमधल्या ग्वांगझूहून हाँगकाँगला काकाकडे आलेला गावंढळ पोरगा, पत्त्याच्या आरपार बघतो, पत्ता हाताने घासून बदलतो. त्याला त्या देवासारखी एंट्री मारायची असते, तर कॅमेरा नॉर्मल चालतो आणि हाच स्वतः स्लो मोशनमध्ये चालत येतो, आजूबाजूचे लोक आपल्या स्पीडने. बस्स, एवढंच, आणि मी दरवेळी हसून लोळते. पिक्चरने 4 कोटींवर हाँगकाँग डॉलर कमावले, तिथला तेव्हाचा रेकॉर्ड. हा काळही बघा, बीजिंगच्या तिआनमेन चौकात चीन सरकारने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या त्याला एकच वर्ष झालेलं, 1997 ला शहर ब्रिटिशांकडून चीनकडे जाणार हे ठरलेलं, आणि थिएटरमध्ये लोक चीनमधून आलेल्या नातेवाइकाला हसतायत आणि शेवटी त्यानेच जिंकावं म्हणून टाळ्याही वाजवतायत. मला हे फार मोठं वाटतं.

अजून एक, हाँगकाँगमध्ये कसिनोला परवानगीच नाही. तेव्हा कायदेशीर म्हणाल तर जॉकी क्लबच्या घोड्यांच्या रेस, लॉटरी आणि लायसन्सवाले माहजोंगचे अड्डे. कसिनो खेळायचा तर बोटीने मकावला जायचं, जे तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, पूर्वी गोवा होता तसं (1844 पर्यंत तर मकाववर देखरेखही गोव्यातूनच होती). त्यामुळे पिक्चरमधला तो झगमगता हॉल बघणाऱ्यालाही समुद्रापलीकडचाच होता.

बघायचे असतील तर आधी 1989 चा बघा आणि मगच 1990 चा, नाहीतर त्या चालण्यातली गंमत अर्धी जाईल. डब अजिबात नको, सबटायटल लावा, कारण कँटोनीजचे चढउतार हा अर्धा अभिनय आहे. आणि दुसऱ्यांदा बघताना स्टीफन चावला सोडून त्याच्या काकाकडे बघा, इंग मान-तात, 2021 मध्ये गेले ते. पुतण्या पत्ता घासत असतो तेव्हा खरा घाम यांना फुटलेला असतो.