नॉमिनी दादा, वारस चौघं

बाबा गेल्यावर महिन्याभरातच दादाचं आणि माझं बोलणं तुटलं. बँकेतल्या ठेवींवर नॉमिनी म्हणून त्याचं एकट्याचं नाव होतं. "बाबांनी विचार करूनच नाव घातलं असेल ना?" हा त्याचा मुद्दा. माझा मुद्दा इतकाच, की मीही त्यांचीच मुलगी. मृत्युपत्र नव्हतं आणि सगळं बाबांच्या स्वतःच्या कमाईचं होतं.

आईने शेवटी दोघांना वकिलीणबाईंसमोर नेऊन बसवलं. त्यांनी आमचं भांडण ऐकूनच घेतलं नाही. पहिला प्रश्न टाकला, "वडिलांच्या आई आहेत का?"

आजी आहे. वय ८६, राहते आत्याकडे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वर्ग १ च्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्या जोडीने मृताची आईही येते आणि या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे आम्ही अर्ध्या-अर्ध्यावरून भांडत होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला मुळात पाव हिस्साच होता!

नॉमिनीचंही तिथेच मिटलं. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. वारसांचे पैसे त्याच्या हाती असतात, एवढंच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलंय. दादा घरी येईपर्यंत गप्प होता.

ठेवी सुटल्या, पण बाबांच्या शेअर्सना नॉमिनीच नव्हता. शिवाय त्यांनी ओळखीच्या एका व्यावसायिकाला वचनचिठ्ठीवर पैसे उसने दिले होते. तो म्हणाला, "देणं नाकारत नाही, पण आज तुम्हाला दिले आणि उद्या दुसरा वारस दारात आला तर?" राग आला, पण बोलणं रास्त होतं. अशा येणं असलेल्या पैशांसाठी आणि शेअर्ससाठी कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागतं. ते बघून पैसे देणाऱ्याला संरक्षण मिळतं. घराला मात्र ते चालत नाही. त्यासाठी वेगळा वारस दाखला, तोही १८२७ सालच्या नियमाखाली. दोनशे वर्षांपूर्वीचा नियम आजही चालतो, याची मला गंमतच वाटली.

बाबा राहत होते तिथल्या दिवाणी कोर्टात अर्ज केला. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, येणी आणि शेअर्सची यादी, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. हरकत कोणाची आली नाही. वेळ खाल्ला तो नावाने: जुन्या शेअर्सवर बाबांचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव. माणूस एकच, हे सांगायला एक शपथपत्र आणि दोन तारखा गेल्या. सर्टिफिकेट हातात पडायला नऊ महिने लागले. त्यानंतर कपाटाच्या तळाशी आणखी एका कंपनीची कागदी प्रमाणपत्रं सापडली! सगळं पुन्हा पहिल्यापासून, या धास्तीने आम्ही बसलो होतो. पण आहे त्याच सर्टिफिकेटात वाढ मागता येते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ३७६. (यादी करण्याआधी कपाटं उपसा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.)

खरी गाठ आजीपाशी होती. दादाला वाटत होतं, ती सही करून हक्क सोडेल. मलाही मनातून तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. वकिलीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की आजीचा वाटा तिच्या पश्चात तिच्या वारसांत जाणार, म्हणजे आत्या आणि काकांकडेही. आम्हाला त्यातून बाबांच्या जागी काय येईल तेवढंच. आजीने अर्जाला ना हरकत दिली, हक्कसोडीचा कागद मात्र परत सरकवला. "लेकाचं आहे. माझा वाटा माझ्यापाशी राहू दे."

आत्याने खाली मान घालून हसू लपवलं, असं दादा म्हणतो. मला तसं दिसलं नाही.

आता आजीच्या नावावर शेअर्स यायचे तर तिचं डिमॅट खातं हवं. परवा दादा आणि मी तिच्या शेजारी बसून तो फॉर्म भरत होतो. नॉमिनीचा रकाना आला आणि दादाने पेन माझ्या हातात दिलं.