तुम्ही विचारलंत म्हणून: लसीमुळे पाळी बिघडते का?

मुलीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस द्यायला आलेल्या आया तिला बाहेरच्या बाकावर बसवतात आणि मला हळूच विचारतात, "सिस्टर, हिची पाळी तर नाही ना बिघडणार? मला कोव्हिडच्या लसीनंतर त्रास झाला होता."

हा प्रश्न मी २०२१ पासून ऐकतेय. पुण्यात १८ वर्षांवरच्यांचं कोव्हिडचं लसीकरण सुरू होत होतं, तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता की पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका. तो खोटा होता. सकाळपासून टोकन घेऊन बसलेली एक मुलगी ऐन वेळी खुर्चीतून उठली, "आज तिसरा दिवस आहे." तिला समजावून बसवलं, लस दिली. तेव्हा मी बरोबर होते.

पण एक बाई दुसऱ्या डोसला आली तेव्हा म्हणाली, "पहिल्या डोसनंतर अंगावरून फार गेलं हो, दर दोन तासांनी पॅड बदलत होते." मी म्हणाले, "टेन्शनने होतं तसं." ती गप्प झाली आणि बाही वर केली. ते मला आजही बोचतं. लसींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये ताप, अंगदुखी सगळं विचारलं होतं, पाळीचं विचारलंच नव्हतं. मग मी कशाच्या जोरावर तिला टेन्शन म्हणाले?

उत्तर पुढच्या वर्षी आलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे चार हजार जणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीनंतरची पाळी सरासरी एका दिवसाहून कमी पुढे गेली होती. नंतर अनेक देशांतल्या १९ हजारांहून जास्त जणींमध्येही तेच दिसलं. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांची पाळी सरासरी पावणेचार दिवसांच्या आसपास लांबली. आपल्याकडे मे २०२१ पासून कोव्हिशील्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवड्यांचं अंतर होतं, त्यामुळे तो प्रश्न फारसा आला नाही. बहुतेकींची गाडी पुढच्या एक-दोन पाळ्यांत रुळावर आली. जास्त रक्तस्राव होऊ शकतो, हे युरोपच्या औषध नियामकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये फायझर आणि मॉडर्नाच्या लसींबाबत मान्य केलं. लसीने प्रतिकारशक्ती जागी होते, तेव्हा मेंदूकडून बीजकोशांना जाणारे निरोप थोडे मागेपुढे होत असावेत. गर्भधारणेच्या क्षमतेवर मात्र परिणाम दिसला नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि डाग दिसला, तर लसीवर ढकलून घरी बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका.

आता एचपीव्ही. जपानमध्ये २०१३ साली लसीनंतर दुखण्यासारख्या तक्रारी आल्यामुळे सरकारने या लसीची सक्रिय शिफारस थांबवली. मग नागोया शहराने तिथल्या मुलींनाच विचारलं. सुमारे ३० हजार जणींनी पाळीसकट २४ तक्रारींची उत्तरं दिली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत या लसीवर बोट ठेवता येईल असा फरक निघाला नाही. ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते. माझ्या भाचीला मी स्वतः दिलीय.

हे सगळं सांगून झालं की मी मुलीला आत बोलावते. लस देण्याआधी विचारते, "शेवटची पाळी कधी आली, बाळ?" ती आईकडे बघते. आई म्हणते, "सांग की." "अकरा तारखेला." मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते, आणि पुढच्या डोसला आली की पुन्हा विचारते.