बार जमिनीवरून सुटतो तेव्हा

आईचं मनगट मोडलं ते साध्या घसरण्यानं. पडताना हात टेकला आणि हाड गेलं. मग हाडांची घनता तपासली, तर कण्याची हाडंही विरळ झालेली निघाली. डॉक्टर आईशी बोलत होत्या, मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही वजनं उचलता का?" मी म्हटलं, रोज चालते. "चालणं चांगलंच आहे, पण हाडाला भार लागतो," त्या म्हणाल्या. मी तेव्हा ४३ वर्षांची होते.

त्या रात्री वाचत बसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेली 'लिफ्टमोर' नावाची ऑस्ट्रेलियातली चाचणी सापडली. पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनाचे व्यायाम केले होते. डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं) आणि स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन खाली बसून उठणं) त्यात होतेच. सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुरुवात हलक्यानं करून. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची वाढली नाही. त्या बायका माझ्या आईच्या वयाच्या. माझ्या हातात तर अजून कितीतरी वर्षं होती.

पहिल्या जिममध्ये मला दोन किलोचे डंबेल देऊन सांगितलं, लेडीजना एवढं पुरे, नाहीतर अंग पुरुषी होईल. याचा मला आजही राग येतो. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं, तसं अंग चुकून होत नाही. महिन्याभरात मी जिम बदललं. तिथे एक ताई शिकवतात, त्यांनी पहिल्या दिवशी वजन दिलंच नाही, मला भिंतीकडे पाठ करून उभं केलं.

भिंतीपासून वीतभर पुढे. "गुडघे जरा सैल सोड आणि बूड मागे नेऊन भिंतीला टेकव. पाठ गोल करायची नाही." टेकलं. मग दोन बोटं पुढे सरकून पुन्हा. असं करत करत एका क्षणी मांडीच्या मागे ताण आला आणि मला पहिल्यांदा समजलं की कमरेतून वाकणं आणि कुल्ल्यांतून वाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर मी जमिनीवरची प्रत्येक वस्तू कण्यातून वाकून उचलत आले होते. मग पाठीला काठी लावली. डोकं, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी चिकटून राहिली पाहिजे. माझी काठी दर वेळी माकडहाडापासून सुटायची. दोन आठवडे तेवढंच केलं, आणि त्या दोन आठवड्यांनी मला जे दिलं ते पुढच्या कुठल्याही वजनानं दिलं नाही.

नव्या बाईला डेडलिफ्टमध्ये एक अडचण येते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बार म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या गोल प्लेट लावतात. पूर्ण मापाच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. पण आपण सुरुवातीला छोट्या प्लेट लावतो. बार अगदी खाली जातो आणि त्याच्यापर्यंत पोचताना पाठ गोल होते. मग वाटतं, आपल्याला जमतच नाही. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवून बार नेहमीच्या उंचीवर आणला आणि माझी पाठ त्याच दिवशी सरळ राहिली.

बार पावलाच्या बरोबर मध्यावर हवा. एकदा तिथे ठेवला की तो हलवायचा नाही, नडग्या त्याच्याकडे न्यायच्या. काखेत कागद धरल्यासारखे हात अंगाशी घट्ट. मग श्वास. लहानपणापासून "पोट आत घे" ऐकलेल्या मला पोटात हवा भरून चहूबाजूंनी फुगवायला सांगितलं, तेव्हा संकोच वाटला. पण ती हवाच कण्याला आतून आधार देते. बार हळूच ताणला की लोखंडाचा 'टक्' असा आवाज येतो, ढील संपते. आता हिसका द्यायचा नाही, पायांनी जमीन ढकलायची. पहिल्यांदा २५ किलो असे सुटले तेव्हा मी वर उभी राहून चक्क रडले.

तिसऱ्या महिन्यात वजन वाढलं आणि उचलताना लघवीचे थेंब गेले. दोन बाळंतपणं झालेल्या अनेकींना हे होतं, आणि बहुतेकजणी गप्प बसून व्यायाम सोडतात. मी ताईंना सांगितलं. त्यांनी वजन उतरवलं, श्वास कोंडून न धरता उचलताना सोडायला लावला आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. दोन-अडीच महिन्यांत खूप फरक पडला. बायांनो, हे लपवू नका. त्यावर उपाय असतो.

स्क्वॉटची माझी भीती वेगळी होती: खाली गेले आणि उठताच आलं नाही तर? ताईंनी रॅकचे, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी चौकटीचे, आडवे दांडे मी पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो त्याच्या जरा खाली लावले आणि रिकामा बार घेऊन मुद्दाम हरायला लावलं. खाली बसले, बार दांड्यांवर टेकवला, पुढे सरकून बाहेर आले. तीनदा. त्यानंतर मी कुल्ल्याची घडी गुडघ्याखाली जाईपर्यंत बसू लागले.

वजन किती वाढवायचं हा प्रश्नही आपला वेगळा. १०० किलो उचलणाऱ्याला पाच किलो म्हणजे विसावा हिस्सा, २५ किलो उचलणारीला पाचवा. म्हणून अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट मी स्वतःच घेतल्या. आणि जिममधला बार २० किलोचा आहे की १५ चा, ते आधी विचारा. बायकांचा १५ किलोचा बार पकडायलाही बारीक असतो.

आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात डेडलिफ्टला ६० किलोचे पाच रेप झाले, म्हणजे सलग पाच वेळा उचललं; पाचवा संथ, पण पाठ सरळ. स्क्वॉट ४० वर तीन आठवडे अडकलाय. बाजूनं काढलेल्या व्हिडिओत दिसलं, उठताना कुल्ले आधी वर जातात आणि छाती खालीच राहते. उद्या ३५ वर उतरून तळाशी दोन सेकंद थांबत करणार आहे.