दहा मिनिटांचं काम

आज सांगलीत विश्रामबागला एका काकूंकडं गेलतो, फॅन नुसता रडतरडत फिरत होता. फॅनला फिरायला जोर देणारा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलला, दहा मिनिटात विषय संपला. दोनशे सांगितले तर म्हणल्या, "एवढ्याशा कामाला? कंडेन्सर तर पन्नासला मिळतोय की!" आता काय सांगू, मिरजेवरनं गाडी काढून आलोय, पेट्रोल कोण देणार, आणि फॅनवरची धूळ सगळी माझ्या डोळ्यात 😅

नवीन वायरिंगचं बरं असतंय, पॉइंटचा, म्हणजे एकेका लाइट, फॅन, प्लगच्या जोडणीचा रेट आधीच ठरलेला, पॉइंट मोजायचे आणि पैसे घ्यायचे. रिपेअरीला मात्र घर, माणूस बघूनच आकडा तोंडात येतोय, खोटं कशाला बोलू. शेवटी दीडशे घेतले, चहा झाला, गाडीला किक मारतोय तोवर मागनं हाक, "बाळा, तेवढं बेलचं बटण बघून जा की!"