फॉन्ट गेला की चिमा गेली

आईच्या जुन्या वर्कशीट्स जपायचं काम सध्या चालू आहे. ती प्राथमिकला मराठी शिकवायची, आधी सायक्लोस्टाइल, मग २००० च्या आसपास नाशिकच्या रविवार कारंजाजवळचा एक डीटीपीवाला, म्हणजे ही कागदावर लिहून द्यायची, तो कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप करायचा आणि वर्गापुरत्या झेरॉक्स. कागदांचं काही नाही, पिवळे पडले तरी स्कॅन होतात. फ्लॉपीतल्या फायलींनी मात्र घाम काढलाय.

कृतिदेव म्हणजे युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारी आजची पद्धत) नव्हे ना. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना वरून मराठी कपडे घालतो, तो नसला की ‘चिमा’च्या जागी एफ पी ई के असं दिसतं. त्यात पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी च च्या आधी मारलेली आणि युनिकोडला ती च च्या नंतर हवी, रफाराचं बरोबर उलटं, त्यामुळे कन्व्हर्टर जरा गंडला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि मग एकेक ओळ कागदाशी ताडून बघत बसा.

आणि निम्मी वर्कशीट्स शब्दखेळांची! एका पानावर ‘उलटं वाचून बघा’ म्हणून ‘रामाला भाला मारा’, ‘ती होडी जाडी होती’, ‘चिमा काय कामाची’. सहज गंमत म्हणून एका प्रोग्रामला ही वाक्यं उलटी करायला सांगितली तर काने-वेलांट्या सुट्या होऊन नुसता विचका, कारण त्याच्या लेखी च वेगळा, वेलांटी वेगळी. तिसरीतल्या पोराला ‘चि’ हे एकच अक्षर असतं. शिवाय सुरुवातीची चि ऱ्हस्व, शेवटची दीर्घ, म्हणजे प्रोग्रामच्या हिशोबात चिमा नापासच. आई म्हणे, ‘अरे कानाला जमतंय ना, मग झालं की!’

याहू ग्रुप्सवरून आलेल्या शाब्दिक कोट्यांच्या ईमेलच्या प्रिंटआउटही तिने फायलीला लावल्यात, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत, वाचताना डोळे फिरतात. पण तेच बरं झालं, लोक फुकट वेबसाइट बनवायचे ते जिओसिटीज २००९ ला गेलं, याहू ग्रुप्स २०२० ला, कागद मात्र आहे.

मी आता प्रत्येकाचं स्कॅन, जशीच्या तशी मूळ फाईल, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ आणि युनिकोड मजकूर असं सगळंच ठेवतोय. शुद्धलेखन अजिबात सुधारत नाही, आईने सांगूनसुद्धा. तुमच्या माळ्यावर फ्लॉप्या असतील तर ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी कोपऱ्यातली ती छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जाणार नाही.