मानेच्या ‘द बाल्कनी’ची प्रत: हिरवा बसला, आता पांढऱ्याची पाळी

फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचं ‘द बाल्कनी’ (१८६८-६९) तेलरंगात उतरवतोय. मूळ चित्र १७० × १२४.५ सेंमी, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. माझा कॅनव्हास ४५ × ३३, म्हणजे प्रमाण जवळपास तेच. मागची खोली, कठडा आणि झडपा झाल्या. पुढची तीन माणसं बाकी.

या चित्रात उजेड समोरून, रस्त्याकडून येतो. त्यामुळे चेहऱ्यांवर सावली जवळजवळ पडतच नाही. उजेडातून सावलीत हळूहळू उतरायच्या ज्या मधल्या छटा आपण घोटून घोटून शिकतो, त्या माने सरळ गाळतो: पांढरा झगा आणि त्याला लागून थेट काळोख. खोलीसाठी आयव्हरी ब्लॅकमध्ये बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळला, कारण नुसता काळा लावला की कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. शिवाय त्या अंधारात लेओं लेनहॉफ, मानेच्या बायकोचा मुलगा, उभा आहे. अंबर थोडा वाढवून त्याला आजूबाजूच्या काळ्याहून किंचितच उजळ ठेवलाय. लांबून दिसत नाही, जवळ गेलं की सापडतो. तसंच हवं होतं.

कठडा आणि झडपांच्या हिरव्यासाठी विरिडियन, टायटॅनियम व्हाइट आणि किंचित लेमन यलो. हा रंग डोळ्यांत खुपलाच पाहिजे, करडा घालून तो शांत करण्यात अर्थ नाही. १८६९च्या सालोंमध्ये (पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात) लोकांना तो खुपलाच होता. एका व्यंगचित्रकाराने ‘झडपा लावून घ्या’ म्हणून खिल्ली उडवली, तर एका टीकाकाराला माने घरं रंगवणाऱ्यांशी स्पर्धा करायला उतरलाय असं वाटलं. (चित्रकार गुस्ताव्ह कायबॉतने मात्र पुढे हेच चित्र विकत घेतलं.) कठड्याचे गज मी एकेका फटकाऱ्यात ओढले. फार सफाईदार केले की ते झग्यांपुढे येण्याऐवजी त्यांच्यावर चिकटवल्यासारखे वाटतात.

आता खरी कसोटी पांढऱ्याची. बसलेली चित्रकार बेर्त मोरिझो आणि उभी असलेली व्हायोलिनवादक फानी क्लाउस, दोघीही पांढऱ्यात. दोन्हीकडे एकच पांढरा फासला तर चित्र मेलंच. मोरिझोच्या झग्यात यलो ऑकरचा कण, क्लाउसच्या झग्यात करड्यासोबत त्याच हिरव्याचा अंश, असा बेत आहे. जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर दोन्ही पट्टे शेजारी लावून पाहिले, फरक जाणवतो. चेहऱ्यांपैकी मोरिझोचा आधी घेणार. तिच्या गडद डोळ्यांवर मानेने जीव ओतलाय, क्लाउसचा चेहरा त्यामानाने सपाट सोडलाय.

दोघींमागे उभा असलेला चित्रकार आंत्वान गिय्मे, त्याचा निळा टाय सगळ्यात शेवटी. कोबाल्ट ब्लू तसाच लावायचा की त्यात अल्ट्रामरीन घालायचा, ते झगे वाळल्यावर ठरवेन. कुणी हे चित्र केलं असेल तर टायला कोणता निळा वापरला, सांगा.